बालगृहातली नाइट ड्युटी करत दोन वर्षं एम.ए. मानसशास्त्र: कोर्स कसा वाटला, कुणी घ्यावा

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींच्या बालगृहात गृहमाता आहे, नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी माझं एम.ए. मानसशास्त्र पूर्ण झालं, रेग्युलर कॉलेजमधून, रात्री ड्युटी आणि सकाळी कॉलेज असं करून. तेव्हापासून आमच्याच क्षेत्रातल्या दहा-बारा जणींनी तरी विचारलंय, ताई कोर्स कसा आहे, करू का, पैसे वाया जातील का, समुपदेशकाची पोस्ट मिळते का. प्रत्येकीला फोनवर अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण ज्या गोष्टी मला खटकल्या त्या दुसऱ्या कॉलेजातल्या मुलींनीही जशाच्या तशा सांगितल्या, मग एकाच्याच माथी का मारायच्या.

आधी मार्क देते म्हणजे घाईत असाल तर तेवढं वाचून जा. एकूण ५ पैकी साडेतीन. शिकवलेलं डोक्यात आणि हातात किती राहिलं याला साडेचार, लॅब आणि चाचण्या तीन, इंटर्नशिप पहिली एक आणि दुसरी पाच, नोकरीच्या दृष्टीने तीन. आता सविस्तर.

मी कोर्सकडे वळले ते एका मुलीमुळे. सात-आठ वर्षांची होती, ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदललेत. रात्रीच्या जेवणातली एक चपाती ती रोज फ्रॉकमध्ये लपवून न्यायची आणि उशीखाली ठेवायची, मग सकाळी मुंग्या, कधी उंदीर, गादीला वास. मी समजावलं, रागावले, एकदा तर सगळ्या मुलींसमोर तिची गादी उचलून दाखवली, ते आठवलं की आजही पोटात तुटतं. पोटभर मिळतंय, मागितलं तर परत वाढतोय, मग लपवायचं कशाला, हा माझा प्रश्न आणि ती फक्त खाली बघत उभी. आमच्याकडे तेव्हा महिन्यातून दोनदा समुपदेशक मॅडम यायच्या, त्यांनी तिला एवढंच विचारलं, उद्या सकाळी काय गं असतं खायला? ती म्हणाली, "असलं तर पोहे." आमच्याकडे येऊन तिला सहा महिने झाले होते, त्या सहा महिन्यांत एक दिवस नाश्ता चुकला नव्हता, आणि तरी "असलं तर". मी तिथेच भांडी आवरत होते. त्या दिवशी ठरवलं की या मॅडमना जे ऐकू आलं ते मला का ऐकू आलं नाही हे शिकायचं.

प्रवेशाचं सांगते. माझं बी.ए. मराठीतलं, त्यामुळे प्रवेश परीक्षा द्यावी लागली. बी.ए.ला मानसशास्त्र नसलेल्यांना आमच्या कॉलेजने घेतलं, सगळीकडे घेतातच असं नाही, आधी विचारा. दूरशिक्षणाचा मार्ग मात्र आता धरू नका. आमच्यातल्या दोघींनी पूर्वी घरी बसून, पोस्टाने पुस्तकं मागवून एम.ए. केलं होतं आणि छान केलं होतं, पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरशिक्षणातले आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत. २०२१ साली ॲलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे आरोग्यसेवेशी जोडलेल्या व्यवसायांचा, जो कायदा झाला त्याच्या कक्षेत हा विषय आला म्हणून. कारण मला पटतं, समुपदेशन समोर माणूस बसल्याशिवाय शिकता येत नाही. पण जी बाई अंगणवाडीत, वसतिगृहात, बालगृहात नोकरी करून शिकू बघते तिच्या हातातून एक रस्ता गेला हे पण खरंय, आणि त्याच्या बदल्यात कॉलेजांनी संध्याकाळच्या बॅचेस सुरू करायला हव्यात असं मला फार मनापासून वाटतं. मला सकाळचं कॉलेज मिळालं हे माझं नशीब. आमच्या अधीक्षक मॅडमनी दोन वर्षं मला सलग नाइट दिली, त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त काय उपयोगी पडलं असेल तर विकासाचं मानसशास्त्र. जॉन बोल्बीने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला तो, हार्लोच्या माकडांचा प्रयोग, दूध तारेच्या खोट्या आईकडे मिळतं तरी पिल्लू दिवसभर कापडाच्या खोट्या आईला चिकटून बसतं तो. हे वर्गातल्या बाकीच्या मुलींसाठी परीक्षेचे प्रश्न होते आणि मी रोज रात्री तेच बघून येत होते. मग रुमानियाचा अभ्यास आला. तिथे १९८९ नंतर अनाथालयांची काय अवस्था होती ते जगापुढे आलं, पुढे बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांवर अभ्यास झाला, निम्मी संस्थेतच राहिली आणि निम्मी प्रतिपालक कुटुंबांत गेली, कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांचा बुद्ध्यांक पुढे निघाला, आणि साधारण दोन वर्षांच्या आत जी गेली त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. त्या तासाला मी वही मिटून बसले होते. आम्ही वाईट लोक नाही आहोत हो, आम्ही जीव लावतो, पण तीस मुलींमागे रात्री दोघी असलो की कुणाची तरी आई व्हायला वेळ कुठे असतो.

बाल न्याय कायद्यात, २०१५ च्या, संस्था हा शेवटचा पर्याय असं स्पष्ट म्हटलंय. ते कलम मला आधीपासून पाठ होतं, ट्रेनिंगला दरवेळी सांगतात. ते तसं का लिहिलंय हे मला या कोर्सने समजावलं, आणि म्हणून आता एखादी आई "घरात खायला नाही, ठेवून घ्या" म्हणत मुलीला घेऊन दारात आली की मी आधी तिला बालसंगोपन योजनेबद्दल सांगते, महिन्याला २२५० रुपये मिळतात आणि मूल घरी राहतं, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात कुणाला भेटायचं ते कागदावर लिहून देते. बालकल्याण समितीपुढे केस गेल्यावर निर्णय त्यांचा, पण दारात पहिली भेट माझी असते.

आणि हो, त्या चपातीचं. एका मॅडमना वर्गानंतर गाठून विचारलं, त्या म्हणाल्या तिला तिच्या मालकीचा डबा दे, कधीही उघडता येईल असा, आणि तो रिकामा होऊ देऊ नको. स्टीलचा झाकणाचा डबा घेतला, त्यात बिस्किटं आणि शेंगदाण्याचा लाडू, तिच्याच कपाटात. पहिल्या आठवड्यात रोज रिकामा. मग दोन दिवसांनी. दीड महिन्यानंतर तो भरलेलाच राहायला लागला आणि उशीखाली काही सापडेनासं झालं. प्रत्येक मुलीला हेच लागू पडेल असं म्हणत नाही, पण गादी उचलून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं.

वर्तनवादाचा, म्हणजे बक्षीस-शिक्षेतून वागणं घडतं असं सांगणारा, भाग मात्र जपून वापरा. मी पाव्हलॉव्ह, स्किनर वाचून उत्साहाने भिंतीवर स्टारचा तक्ता लावला, वेळेवर उठलं की स्टार, दहा स्टारला पेन्सिल बॉक्स. लहान मुलींचं छान चाललं, पण ज्या दोघींना रात्री झोपच लागत नव्हती त्यांच्या नावापुढे सगळं कोरं, आणि बाकीच्या मुली त्यांना "झिरो" म्हणायला लागल्या. तीन आठवड्यांत तक्ता काढला. पुस्तकात प्रबलनाची, म्हणजे बक्षीस कधी-किती द्यायचं त्याची, वेळापत्रकं चार पानं भरून आहेत, ज्या मुलीला ते प्रबलन कधीच मिळणार नाही तिचं काय हे विचारायला तुम्हीच लागता.

भाषेबद्दल सांगायलाच हवं कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी मराठी माध्यमाच्या आहेत. आम्हाला पेपर मराठीत लिहायची परवानगी होती, पण चांगली पुस्तकं सगळी इंग्रजीत आणि मराठीतली जी होती त्यातले शब्द असे की अभिजात अभिसंधान, साधक अभिसंधान, प्रबलन, संज्ञानात्मक विसंगती. पहिले दोन महिने मी इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि आमच्याकडच्या एखाद्या मुलीचं उदाहरण अशा तीन रकान्यांची वही केली. तिसऱ्या रकान्यामुळे पास झाले असं मला वाटतं.

पण भाषेचा खरा प्रश्न पेपरात नाही, मुलींसमोर येतो. समुपदेशनाच्या तासाला शिकवतात की भावनेला नाव द्या, समोरच्याला परत ऐकवा, तुला राग आला, तुला निराश वाटलं. आमच्या मुली असं बोलतच नाहीत. त्या म्हणतात करमत नाही, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, डोक्यात भुंगा आहे, छाती भरून येते. "करमत नाही" या एका शब्दात घरची आठवण, एकटेपणा, कशातच मन न लागणं सगळं असतं आणि इंग्रजीतून भाषांतर केलेल्या प्रश्नावलीत तो शब्दच नाही. एक चौदा वर्षांची मुलगी प्रश्नावलीत "तुम्हाला निराश वाटते का" ला नाही म्हणाली आणि दहा मिनिटांनी मला म्हणाली, ताई मला इथे अजिबात करमत नाही, रात्री जीव कासावीस होतो. कागदावर ती एकदम ठीक होती. हे मी वर्गात मांडलं तेव्हा आमच्या सरांनी पुढचा अख्खा तास त्यावर घेतला, सगळ्यांकडून आपापल्या भागातले शब्द गोळा केले, मराठवाड्यातल्या, कोकणातल्या मुलींनी भर घातली, फळा भरला. दोन वर्षांतला माझा सगळ्यात आवडता तास तो.

लॅब म्हणजे प्रॅक्टिकल. आरशात बघून तारा गिरवायचा, मुलर-लायरच्या सारख्याच असून लहान-मोठ्या दिसणाऱ्या दोन रेघा, चक्रव्यूह, आणि मग जर्नल लिहायचं, प्रयोगकर्ता, प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग केला तो), हेतू, निष्कर्ष. उपकरणं जुनी, आरशाचा स्टँड हलायचा. याचा थेट उपयोग सांगता येत नाही, पण एक शिस्त लागते, जे दिसलं ते आधी लिही आणि का झालं ते नंतर. माझ्या ड्युटी रजिस्टरमधल्या नोंदी बदलल्या. आधी लिहायचे "अमुक मुलगी उद्धट वागली", आता लिहिते "आठ वाजता जेवायला बोलावल्यावर ताट ढकललं, त्याआधी साडेसातला घरून फोन येऊन गेला होता". वैयक्तिक काळजी आराखडा भरताना हीच नोंद कामाला येते, उद्धट या शब्दाचं कुणीच काही करू शकत नाही.

चाचण्यांचा भाग जास्त महत्त्वाचा आणि तिथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. बिने-कामत चाचणी आपल्याकडे बुद्ध्यांकासाठी अजून वापरतात. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली, म्हणजे आपल्या भाषेत हे काम किती आधी झालं होतं बघा, अभिमान वाटतो. नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमधून मालिन यांनी मुलांसाठी बसवलेली चाचणीही अशीच देशभर गेली. पण जी मुलगी दहाव्या वर्षापर्यंत वीटभट्टीवर होती, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पेन्सिल धरता येत नाही, तिला या चाचणीपुढे बसवलं की आकडा कमी येणारच, आणि तो आकडा तिच्या फाइलला चिकटतो. आमच्याकडच्या एका मुलीच्या फाइलवर असंच काहीतरी लिहून आलं होतं, ती दोन वर्षं शाळेत गेल्यावर हिशोबात वर्गात पुढे आहे. त्यामुळे कोर्स करणाऱ्यांना कळकळीने सांगते, चाचणी घ्यायला शिकताना ती कुणासाठी बनवली, कधी बनवली आणि समोरच्या मुलाला तेवढी संधी मिळाली होती का हे विचारायला पण शिका. आमच्या कॉलेजात चाचणी कशी घ्यायची, गुण कसे काढायचे हे चोख शिकवलं, हे दुसरं जरा घाईत उरकलं, म्हणून मार्क कापले.

संख्याशास्त्राला घाबरू नका. सरासरी, प्रमाण विचलन, टी-टेस्ट, सहसंबंध, एवढं आलं की निभावतं, सॉफ्टवेअर बाकीचं करतं.

समुपदेशनाची कौशल्यं तिघी-तिघींचे गट करून घेतली, एक समुपदेशक, एक आलेली व्यक्ती, एक बघणारी. सुरुवातीला खोटं खोटं वाटतं पण सोडू नका. मला त्यात एक गोष्ट कळली की मी समोरचीचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही, लगेच उपाय सांगते. नऊ वर्षांची सवय, बालगृहात रात्री अकराला कुणी रडत आलं की आपण पाणी देतो, डोक्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो झोप आता, सकाळी बोलू. बघणाऱ्या मैत्रिणीने घड्याळ लावून सांगितलं, तू सरासरी आठ सेकंदांत बोलतेस. आता मी मुद्दाम थांबते. कार्ल रॉजर्स हा मानसशास्त्रज्ञ म्हणतो तसं विनाअट स्वीकारणं वगैरे मोठं आहे, मी सध्या नुसतं थांबणं जमवतेय आणि तेवढ्यानेही मुली पुढे बोलतात.

एक विषय आमच्याकडे फार वरवर झाला आणि तो बालसेवेत जाणाऱ्यांसाठी जिवाभावाचा आहे, गोपनीयता. वर्गात सांगितलं की समुपदेशनात बोललेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर अपवाद. पण मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायदा आहे, २०१२ चा. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मग मूल "ताई कुणाला सांगू नका हं" म्हणून सुरुवात करतं तेव्हा काय बोलायचं? आधीच होकार दिला आणि मग पोलिसांकडे गेलात तर त्या मुलाचा माणसावरचा उरलेला विश्वासही जातो. हे मला पुस्तकाने नाही, जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या एका अनुभवी ताईने शिकवलं. आधीच, साध्या शब्दांत सांगायचं की तू मला जे सांगशील ते मी उगाच कुणाला सांगणार नाही, पण कुणी तुला दुखवत असेल तर ते थांबवू शकणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुला सांगेन. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता इंटर्नशिप, ज्याच्यामुळे मार्क सगळ्यात जास्त कापले आणि सगळ्यात जास्त दिलेही. आमच्याकडे दुसऱ्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग होतं, १२० तास, जागा आपली आपण शोधायची, कॉलेज फक्त पत्र देतं. मला शोधायला वेळ नव्हता म्हणून घराजवळच्या एका शाळेत गेले. तिथे मला दाखल्यांच्या फाइली लावायला दिल्या, मग स्नेहसंमेलनाचं निवेदन, एकाही मुलाशी एकटीने बोलले नाही, कुणी देखरेखीला नाही, शेवटी सर्टिफिकेटवर "उत्कृष्ट समुपदेशन" लिहून सही मिळाली. मला ते घेताना लाज वाटली. १२० तास गेले ते गेलेच.

चौथ्या सेमिस्टरच्या आधी मात्र सुट्टीत मी स्वतःहून एका व्यसनमुक्ती केंद्रात दर शनिवारी जायला लागले, क्रेडिट नसताना. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्रात या कामाची एक पद्धत तयार झालीय, रुग्णासोबत त्याच्या घरच्यांनाही धरायचं, बायकांचे वेगळे गट, मुक्तांगणमध्ये त्याला सहचरी म्हणतात. मी जात होते तिथेही असा बायकांचा गट होता. पहिले चार शनिवार मला फक्त कोपऱ्यात बसून ऐकायला सांगितलं. गट संपला की तिथल्या ज्येष्ठ ताई अर्धा तास माझ्यासोबत बसायच्या आणि विचारायच्या, आज तुला कुणाचा राग आला, कुणाबद्दल जास्त वाईट वाटलं, का वाटलं. मला एका बाईचा फार राग यायचा, जी मुलांना बहिणीकडे ठेवून नवऱ्याच्या मागे फिरायची. बोलता बोलता लक्षात आलं की आमच्या बालगृहातल्या मुलींच्या आयांवरचा सगळा राग मी त्या एका बाईवर काढत होते. तो राग मी वर्षानुवर्षं भेटीच्या दिवशी त्या आयांना दाखवत आले असणार, आवाजातून, बसायला न सांगण्यातून. आता दर महिन्याच्या भेटीच्या रविवारी आल्या आल्या आधी पाणी आणि खुर्ची, मग रजिस्टरवर सही. याला देखरेख म्हणतात, सुपरव्हिजन, आणि एम.ए.च्या पूर्ण दोन वर्षांत ती मला फक्त तिथे मिळाली, फुकट, शनिवारच्या दुपारी.

म्हणून जिला कुणाला हा कोर्स करायचाय तिने प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन एवढंच विचारा, गेल्या वर्षीची मुलं इंटर्नशिपला कुठे गेली होती, आणि तिथे आठवड्यातून एकदा तरी त्यांच्यासोबत कोण बसत होतं. माणसाचं नाव सांगता आलं नाही तर समजा जागा तुम्हालाच शोधायचीय, आणि ती शोधून मगच फॉर्म भरा.

एम.एस.डब्ल्यू. घेऊ की मानसशास्त्र, हे पण सगळ्या विचारतात. समाजकार्याच्या कोर्सला आठवड्यातले ठरलेले दिवस फील्डवर्क असतं आणि देखरेख कोर्सचाच भाग असते, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट १९३६ पासून समाजकार्य शिकवतेय, निर्मला निकेतन आहे, पुण्यात कर्वे संस्था आहे. चाइल्डलाइन १०९८, संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन, सुद्धा १९९६ साली टाटा इन्स्टिट्यूटमधूनच मुंबईत सुरू झाली, पोलीस ठाण्यातले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही तिथलेच, १९८४ पासून. कायदे, योजना, गृहभेट, बालकल्याण समितीपुढचा सामाजिक तपासणी अहवाल, हे सगळं एम.एस.डब्ल्यू. वाल्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं, मला नोकरीमुळे येतं, कोर्समुळे नाही. तुम्ही अजून या क्षेत्रात नसाल, बारावी-बी.ए. नंतर थेट येत असाल, तर माझा स्पष्ट कल एम.एस.डब्ल्यू.कडे आहे. आधीच मुलांमध्ये काम करत असाल आणि रोज दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागत नसेल तर मानसशास्त्र घ्या.

एम.ए. झालं म्हणजे आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो असं नाही, हे आमच्या वर्गातल्या निम्म्या जणींना शेवटच्या वर्षी कळलं. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा क्लिनिकल कोर्स आणि परिषदेकडे नोंदणी लागते, १९९२ चा कायदा आहे. औषधं तर फक्त मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच देणार. आमच्या भागात नुसत्या एम.ए. वर, कधी तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर "बालमानसतज्ज्ञ" बोर्ड लागलेले दिसतात आणि फिट येणारी, स्वतःला इजा करणारी मुलं महिनोन् महिने तिथेच फिरत राहतात, सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीत पोचतच नाहीत. असं करू नका. आपल्याला काय येत नाही ते ओळखून मुलाला वेळेत पुढे पाठवता आलं तर एम.ए. कामी आलं म्हणायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आम्ही ऑफिसच्या भिंतीवर १०९८ च्या खाली लावलाय, मराठीत बोलता येतं, रात्री पण.

नोकऱ्या आहेत, पण बहुतेक कंत्राटी, करार दरवर्षी नवा. बाल संरक्षण कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर, सरकारी दवाखान्यातले समुपदेशक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, व्यसनमुक्ती केंद्रं, शाळा. जाहिरातीत समाजकार्य किंवा मानसशास्त्र असं दोन्ही लिहिलेलं बऱ्याचदा असतं आणि मुलाखतीत अनुभव विचारतात, तिथे आपली नऊ वर्षं मोजली जातात. माझ्या वर्गातल्या चौघींना लागल्या, दोघी अजून शोधतायत. पगाराच्या आशेने येणार असाल तर आधी घरात बसून हिशोब करा. मला फी, बसभाडं, पुस्तकं, जर्नल, झेरॉक्स धरून दोन वर्षांचे साधारण साठ हजार लागले, भिशीतून आणि एका सुट्टीत शिवणकाम करून भागवले.

झोपेचं पण खरं सांगते. रात्री दहा ते सकाळी सहा ड्युटी, साडेसातला कॉलेज, साडेअकराला घर, स्वयंपाक, दुपारी तीन तास झोप. पहिल्या सेमिस्टरला दोनदा वर्गात डोळा लागला, मॅडमनी उठवलं नाही, तास संपल्यावर नोट्स दिल्या. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता, त्याचा अभ्यास सासूबाईंनी बघितला. हे ज्यांच्या घरी जमणार नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, समुपदेशनातला एक वर्षाचा डिप्लोमा, पण प्रत्यक्ष वर्गात बसून आणि देखरेखीखाली काम असलेला, हा पण चांगला रस्ता आहे, पुढे एम.ए. कधीही करता येईल.

मी अजून गृहमाताच आहे. समुपदेशकाच्या पोस्टसाठी अर्ज केलाय, मुलाखत झाली, यादी लागायचीय. अधीक्षक मॅडमनी तोवर दर गुरुवारी संध्याकाळी एक तास मला ड्युटीतून मोकळा करून दिलाय, धान्याच्या खोलीशेजारी दोन खुर्च्या टाकल्यात, जिला बोलायचंय तिने यायचं, नाही आली तरी चालेल. गेल्या गुरुवारी तिघी आल्या. एक जण तासभर नुसती बसून होती, जाताना म्हणाली, पुढच्या गुरुवारी पण आहे ना?